ठाणे व नवी मुंबईतील वकील कार्यालयांच्या कर्मचाऱ्यांसाठी : कागदपत्रे तयार करणे व दाखल करणे याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर आणि बेलापूरला वकिलांच्या कार्यालयांत नव्याने लागलेले क्लार्क, टंकलेखक आणि सहायक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः जिल्हा पातळीवरील न्यायालयांपुरती आहेत. उच्च न्यायालयाचा संबंध आला तेथे तसे नमूद केले आहे. दाव्यात काय म्हणायचे हे वकील ठरवतात. ते कागदावर कसे उतरते आणि न्यायाधीशांपुढे कोणत्या अवस्थेत जाते, ही जबाबदारी मात्र आपली आहे. मुरबाडहून दोन वाहने बदलून आलेल्या पक्षकाराला केवळ आपल्या चुकीच्या पृष्ठक्रमांकामुळे परत पाठवावे लागू नये, एवढ्याच कळकळीने हे लिहिले आहे.

१. नवीन दिवाणी दावा दाखल करताना किमान कोणते कागद सोबत असावेत?

वादपत्र (वादीचे दाव्याचे लेखी कथन), त्यासोबतचे शपथपत्र, वकीलपत्र, कागदपत्रांची यादी व त्याबरहुकूम कागदपत्रे, पक्षकारांचा नोंदणीकृत पत्ता, प्रतिवादींच्या संख्येइतक्या प्रती, कोर्ट फी आणि समन्सचा भत्ता. तातडीचा मनाई हुकूम मागायचा असल्यास त्याचा वेगळा अर्ज व त्याचे स्वतंत्र शपथपत्रही लागते. आपल्याकडे या अर्जाला बहुधा निशाणी ५ (न्यायालय फाइलमधील कागदाला देते तो क्रमांक) मिळते, म्हणूनच जुने लोक त्याला नुसते ‘पाच नंबर’ म्हणतात.

वकीलपत्रावर पक्षकाराची सही, वकिलांची स्वीकृतीची सही आणि अधिवक्ता कल्याण निधीचे तिकीट या तीन गोष्टी पक्षकार कार्यालयातून निघण्यापूर्वीच पाहाव्यात. सहीसाठी त्याला पुन्हा बोलावण्यात आठवडा जातो.

२. कागद कोणत्या आकाराचा घ्यावा आणि समास व अक्षर केवढे ठेवावे?

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० च्या परिपत्रकाने स्वतःकडे दाखल होणाऱ्या कागदांसाठी ए-फोर आकार, दोन्ही बाजूंनी छपाई, १४ आकाराचे अक्षर, दीडपट ओळअंतर, डाव्या-उजव्या बाजूस ४ सेंटीमीटर आणि वर-खाली २ सेंटीमीटर समास असे ठरवून दिले. ते परिपत्रक त्या न्यायालयापुरते असले तरी त्याचे माप व्यवहारात सोयीचे ठरते. ज्या न्यायालयात दाखल करायचे तेथील सूचनाफलक आणि फायलिंगचा टेबल यांचे म्हणणे मात्र शेवटचे मानावे.

डावा समास कधीही आखडता घेऊ नये. फाइल शिवली जाते, पुढे तिला आणखी कागद जोडले जातात, आणि समास कमी असला की प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर शिवणीत जाते. दोन्ही बाजूंनी छापत असाल तर मागच्या पानावर उजवा समासही तेवढाच लागतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

३. मसुदा मराठीत टाइप करावा की इंग्रजीत?

महाराष्ट्र शासनाच्या २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने उच्च न्यायालयाच्या अधिपत्याखालील दिवाणी व फौजदारी न्यायालयांची भाषा मराठी आहे. त्यामुळे ठाणे वा बेलापूर येथे मराठी वादपत्र दाखल करण्यास कोणताही संकोच बाळगू नये. व्यवहारात इंग्रजी मसुदेही मोठ्या संख्येने येतात. कोणती भाषा घ्यायची याचा निर्णय वकील घेतील, परंतु पक्षकाराला इंग्रजी येत नसेल आणि शपथपत्र इंग्रजीत असेल, तर मजकूर त्याला मराठीत वाचून व समजावून सांगितल्याची नोंद त्यावर हवी. नोंद लिहायची आणि वाचून मात्र दाखवायचे नाही, हे कधीही करू नये. उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. प्रकरण तिकडे जाण्याची शक्यता दिसत असेल, तर मराठी दस्तांचे भाषांतर वेळेत करून घेण्यासाठी यादी आधीच काढून ठेवावी. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या जमीन प्रकरणांत मोडी लिपीतले कागदही निघतात. त्यांचे लिप्यंतर जाणकाराकडून, त्याच्या सहीनिशी करून घ्यावे आणि मूळ कागदाची प्रत त्याच्या लगेच मागे लावावी.

४. कृतिदेवमध्ये टाइप केलेला मसुदा दुसऱ्या संगणकावर उघडला की सगळी अक्षरे बिघडतात. काय करावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आपण मराठी टाइप करतो असे दिसते, पण संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हेच साठवतो आणि त्यांवर मराठी आकारांचा मुखवटा चढवतो. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तेथे मुखवटा उतरतो आणि अर्थहीन रोमन अक्षरे उरतात. अशा फाइलमध्ये पक्षकाराचे नाव शोधले तर सापडत नाही.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये टंकलेखन. मंगल, कोकिळा, निर्मला यांपैकी कोणताही फॉन्ट चालेल. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक शिकायला काही आठवडे लागतात, पण ते कष्ट आयुष्यभर पुरतात. ज्यांचा हात जुन्या टंकयंत्राच्या कळफलकावर बसला आहे, त्यांच्यासाठी युनिकोडमध्येही तशी मांडणी उपलब्ध आहे. वेग जाईल म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

जुना मसुदा परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणल्यावर तो न वाचता वापरू नये. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ऱ्हस्व इकार चुकतो, ‘ऱ्या’ तुटतो. सर्वांत घातक चूक आकड्यांत होते. कृतिदेवमध्ये तिरक्या रेघेची कळ अर्धा ‘ध’ उमटवते, त्यामुळे मिश्र मजकुराचे परिवर्तन करताना ‘४५/२’ मधली रेघ बदललेली मी स्वतः पाहिली आहे. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, रकमा, तारखा आणि नावे मूळ कागदाशी एकेक करून ताडून पाहावीत. हे काम दोघांनी मिळून, एकाने वाचून आणि दुसऱ्याने पाहून केले तर चूक सहसा निसटत नाही.

५. परिच्छेदांना क्रमांक देणे खरोखर बंधनकारक आहे का? आणि आकडे अक्षरी का लिहायचे?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम २ प्रमाणे अभिवचने (वादपत्र, कैफियत यांसारखी पक्षकारांची लेखी कथने) क्रमांकित परिच्छेदांत, शक्यतो प्रत्येक कथन वेगळ्या परिच्छेदात असावे लागते, आणि त्याच नियमात तारखा, रकमा व संख्या अंकी तसेच अक्षरी लिहिण्यास सांगितले आहे. यामागचे कारण सरळ आहे. समोरच्या पक्षाला कैफियतीत, म्हणजे आपल्या लेखी उत्तरात, परिच्छेदवार उत्तर द्यायचे असते, आणि ‘३’ चा ‘८’ झाला तरी अक्षरी मजकूर खरी रक्कम सांगतो.

क्रमांक संगणकाच्या आपोआप क्रमांकनाने देत असाल तर अंतिम प्रत काढण्यापूर्वी ते तपासावे. मध्येच एक परिच्छेद वाढला की पुढचे सर्व क्रमांक बदलतात, आणि ‘वर परिच्छेद ७ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ हे वाक्य मात्र जुन्याच क्रमांकावर राहते. सत्यापनातील क्रमांकही याच कारणाने चुकतात (प्रश्न ६ पाहा).

६. सत्यापन आणि शपथपत्र यांत फरक काय? दोन्ही लागतात का?

होय. सत्यापन वादपत्राच्या शेवटी असते आणि त्यात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीने खरे आहेत व कोणते मिळालेल्या माहितीवरून खरे मानले आहेत, हे क्रमांकासह, स्थळ व तारखेसह सांगावे लागते. वादपत्राला आधार देणारे शपथपत्र हा आदेश ६ नियम १५ चाच पुढचा भाग असून तो २००२ पासून लागू आहे.

जुन्या फाइलमधून सत्यापन जसेच्या तसे उचलणे हा आपल्या कामातला सर्वांत मोठा दोष आहे, असे माझे मत आहे. ‘परिच्छेद १ ते १२ माझ्या माहितीने खरे’ असे लिहिलेले असते आणि वादपत्रात परिच्छेद असतात सतरा. हिस्सा मृत वडिलांच्या काळात विकला गेला असेल, तर त्या विक्रीचा परिच्छेद मुलाच्या ‘स्वतःच्या माहितीने’ खरा असू शकत नाही. असे काही दिसले तर तो बदल आपण परस्पर करू नये, वकिलांना दाखवावे.

खाडाखोड झाल्यास त्या ठिकाणी शपथ घेणाऱ्याची आणि शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याची अशा दोन्ही सह्या हव्यात. कोऱ्या जागा सोडलेल्या शपथपत्रावर पक्षकाराची सही कधीही घेऊ नये, मग तो कितीही विश्वासाचा असो आणि कितीही घाईत असो.

७. न्यायालयातील शपथपत्र शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करावे लागते का?

नाही. न्यायालयात व शासकीय कार्यालयांत दाखल करावयाच्या शपथपत्रांवरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ केले आहे. साध्या कागदावरील शपथपत्र चालते. स्टॅम्प पेपरसाठी रांगेत उभ्या असलेल्या पक्षकाराला हे सांगणे आपले काम आहे. करारनामे, कुलमुखत्यारपत्र यांना ही माफी लागू नाही.

८. कागदपत्रांची यादी आणि पृष्ठक्रमांक कसे द्यावेत?

यादीत अनुक्रमांक, दस्ताचे नेमके वर्णन, तारीख, मूळ की प्रत, आणि पृष्ठक्रमांक हे पाच रकाने असावेत. ‘पत्र’ एवढे वर्णन पुरत नाही. ‘वादीने प्रतिवादी क्रमांक २ यास दि. १२ जून २०२३ रोजी पाठवलेली रजिस्टर नोटीस, पोचपावतीसह’ असे हवे. वादी ज्यावर विसंबतो ते दस्त आदेश ७ नियम १४ प्रमाणे वादपत्रासोबतच द्यावे लागतात, नाही तर नंतर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. म्हणून पक्षकाराच्या पिशवीतले सगळे कागद पहिल्याच दिवशी बाहेर काढून घ्यावेत.

मी ज्या कार्यालयात शिकलो, तेथे एकदा अगदी शेवटच्या क्षणी दोन पानांची पावती मध्ये घातली गेली आणि अनुक्रमणिका बदलायची राहिली. सुनावणीच्या वेळी पान ४७ उघडल्यावर पैसे दिल्याच्या पावतीऐवजी विजेचे बिल समोर आले. मूळ पावती दोन पाने पुढे होती, पण ती सापडेपर्यंत न्यायालयाने दुसरे प्रकरण पुकारले होते. तेव्हापासून मी क्रमांक आधी पेन्सिलीने घालतो, वकिलांनी शेवटची नजर फिरवल्यावर शाईने, आणि अनुक्रमणिका सर्वांत शेवटी छापतो.

९. ई-फायलिंगसाठी स्कॅन कसे करावे?

३०० डीपीआय (स्कॅनच्या स्पष्टतेचे माप), सरळ, आणि पान कापले न जाता. साधा मजकूर कृष्णधवल चालतो; शिक्के, नकाशे, छायाचित्रे व रंगाने फरक पडणारे कागद रंगीत असावेत. फिकट झालेल्या नोंदणीकृत दस्ताची टंकलिखित वाचनीय प्रत मागे जोडावी. संगणकावर तयार केलेला आणि ई-स्वाक्षरी होणार असलेला मसुदा छापून पुन्हा स्कॅन करू नये. थेट पीडीएफ केल्यास त्यात शब्द शोधता येतो, अर्थात तो युनिकोडमध्ये असेल तर (प्रश्न ४ पाहा).

मोबाइलवर टिपलेल्या छायाचित्रांत कडेला टेबल, बोटे आणि सावल्या येतात. ते टाळावे. पीडीएफचा पृष्ठक्रमांक आणि कागदावरचा पृष्ठक्रमांक एकच राहील अशी मांडणी केली, तर न्यायाधीशांना पडद्यावर आणि फाइलमध्ये एकाच वेळी पाहता येते.

नोंदणीनंतर मिळणारा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक (प्रकरणाची संगणकीय ओळख) फाइलच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहावा. त्यातील पहिली चार अक्षरे राज्य व जिल्हा दाखवतात, शेवटचे चार अंक वर्ष.

आणखी एक. पोर्टलचा ओटीपी वकिलांच्या मोबाइलवर येतो. त्यांचा पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवणे आणि त्यांनी अंतिम प्रत न पाहता दाखल करणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

१०. खारघरच्या सदनिकेचा दावा बेलापूरला दाखल होईल ना? पत्त्यात तर ‘नवी मुंबई’ आहे.

होणार नाही. नवी मुंबई हे शहर दोन जिल्ह्यांत पसरले आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे तालुक्यात आहेत. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, तर द्रोणागिरी उरण तालुक्यात येते. सिडकोच्या कागदांवर सर्वत्र ‘नवी मुंबई’ लिहिलेले असते आणि पोलीस आयुक्तालयही एकच आहे, त्यामुळे गोंधळ होतो.

स्थावर मिळकतीचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ प्रमाणे मिळकत जेथे आहे तेथील न्यायालयात चालतो, म्हणून खारघरची सदनिका पनवेलकडे जाते. टपाली पत्त्यावर विसंबू नये. नोंदणीकृत करारनाम्यात तालुका व जिल्हा लिहिलेला असतो, तो पाहावा. मिळकत दोन न्यायालयांच्या हद्दीत पसरली असेल तर कलम १७ प्रमाणे कोणत्याही एका ठिकाणी दावा करता येतो. पैशाच्या वसुलीसारख्या इतर दाव्यांना कलम २० लागू होते आणि तेथे प्रतिवादीचे राहण्याचे ठिकाण वा दाव्याचे कारण कोठे घडले, हे पाहिले जाते.

११. मिळकतीच्या वर्णनात नेमके काय काय लिहावे?

गावाखालील जमीन असल्यास मौजे, तालुका, जिल्हा, सर्व्हे व हिस्सा नंबर, क्षेत्रफळ, आकार (जमिनीवरील सारा) आणि चतुःसीमा (चारही बाजूंच्या हद्दी). शहरी मिळकतीस सिटी सर्व्हे नंबर व मिळकत पत्रिका. सिडकोच्या भूखंडास नोड, सेक्टर, भूखंड क्रमांक आणि तो भाडेपट्ट्याचा असल्याचा उल्लेख. संपादित जमिनीच्या बदल्यात भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंड असेल तर मूळ संपादित जमिनीचा तपशील व भूखंडाचा तपशील या दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.

सात-बारा आणि करारनाम्यातले क्षेत्रफळ जुळत नसेल तर आपण एक निवडून मोकळे होऊ नये. फरक वकिलांच्या नजरेस आणावा. हुकूमनामा (निकालानुसारचा आदेश) अखेर याच वर्णनावर बजावला जातो, आणि बेलिफ (आदेश बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी) ताबा घ्यायला गेल्यावर चतुःसीमा चुकीची निघाली तर दहा वर्षांचा दावा तेथे अडतो.

१२. कोर्ट फी महिलांना माफ असते का? कमाल किती?

महाराष्ट्र शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकारांतील प्रकरणांत महिला पक्षकारांना कोर्ट फी माफ आहे. सर्वच दाव्यांना ही माफी नाही, आणि वादींमध्ये पुरुषही असतील तर वकिलांना विचारूनच मूल्यांकनाचा परिच्छेद लिहावा. मूल्यानुसार आकारल्या जाणाऱ्या फीची कमाल मर्यादा २०१८ च्या दुरुस्तीनंतर १० लाख रुपये आहे. ऑनलाइन भरल्यास ‘ग्रास’ या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीचे चलन जपून ठेवावे.

१३. महानगरपालिकेविरुद्ध किंवा गृहनिर्माण संस्थेविरुद्ध दावा असेल तर वेगळे काही लागते का?

लागते, आणि ते दाखल करण्याच्या कितीतरी आधी. शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, महानगरपालिकेविरुद्ध महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ ची एक महिन्याची, आणि सहकारी संस्थेच्या कारभारासंबंधी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १६४ ची दोन महिन्यांची नोटीस पाहावी लागते. फाइलमध्ये नोटिशीची प्रत, पाठवल्याची पावती आणि पोच एकत्र टाचून ठेवावी. तातडीच्या प्रकरणांतील सवलत वकील ठरवतील.

१४. लेखी कैफियतीची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची?

समन्स बजावल्या दिवसापासून. वकील हजर झाले त्या दिवसापासून नव्हे. आदेश ८ नियम १ प्रमाणे ३० दिवस, आणि कारणे नोंदवून न्यायालय ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. साध्या दाव्यांत ही मुदत उलटल्यावरही योग्य कारण दाखवून परवानगी मिळू शकते. वाणिज्यिक दाव्यांत मात्र १२० दिवसांनंतर दरवाजा बंद होतो. म्हणून नवा पक्षकार समन्स घेऊन आला की पहिला प्रश्न ‘हे हातात कधी पडले?’ हाच असावा, आणि उत्तर फाइलच्या आतल्या पानावर तारखेसह लिहावे.

१५. अपिलाच्या मुदतीतून नकलेचे दिवस कसे वजा होतात?

जिल्हा न्यायालयातील दिवाणी अपिलास ३० दिवस, उच्च न्यायालयातील अपिलास ९० दिवस मिळतात. निकालाचा दिवस सोडून मोजणी सुरू होते आणि मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यास लागलेला काळ वगळला जातो.

समजा निकाल ३ मार्चला लागला. नकलेचा अर्ज १० मार्चला दिला आणि नक्कल २४ मार्चला तयार झाली. साधी मुदत २ एप्रिलला संपली असती. अर्जाचा व नक्कल तयार झाल्याचा असे दोन्ही दिवस धरून १५ दिवस वजा झाले, म्हणून जिल्हा न्यायालयातील अपिलाची मुदत १७ एप्रिलपर्यंत जाते. तयार नक्कल आणण्यास आपण ३० मार्चला गेलो, तर मधले दिवस आपल्याच खात्यात पडतात. नकलेवरील अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तिन्ही तारखा वाचाव्यात. शेवटचा दिवस न्यायालय बंद असल्यास कलम ४ प्रमाणे न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येते. विलंब माफीचा अर्ज अपिलास चालतो, मूळ दाव्यास चालत नाही.

१६. फौजदारी अर्जात जुन्या कायद्याची कलमे लिहावीत की नव्या?

भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. गुन्हा त्यापूर्वी घडला असेल तर गुन्ह्याचे कलम भारतीय दंड संहितेचेच राहते. त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास व खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे पुढे चालतात. नव्या प्रकरणात अटकपूर्व जामिनासाठी आता जुन्या संहितेच्या ४३८ ऐवजी नागरिक सुरक्षा संहितेचे ४८२, सत्र व उच्च न्यायालयातील जामिनासाठी ४३९ ऐवजी ४८३ असे क्रमांक येतात. जुन्या साच्यातील शीर्षक बदलले आणि प्रार्थनेत जुनेच कलम राहिले, हे वारंवार घडते. त्यामुळे शेवटी संपूर्ण मसुद्यात ‘४३८’ शोधून पाहावे.

१७. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश किंवा सीसीटीव्हीचे चित्रण दाखल करताना कोणते प्रमाणपत्र जोडावे?

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे. जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब च्या जागी ते आले आहे. त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग असून पहिला उपकरण ताब्यात असणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. फाइलचे हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली तिची ओळखखूण) आणि ते कोणत्या पद्धतीने काढले हेही लिहावे लागते. हॅश आधी काढावे आणि त्यानंतर त्या फाइलला हात लावू नये. चित्रणाची लांबी कमी केली तरी मूल्य बदलते. पक्षकाराला मूळ मोबाइल विकू नये वा त्यातील संभाषण पुसू नये, असे पहिल्या भेटीतच लेखी कळवावे.

१८. कार्यालयीन आक्षेप आला, किंवा दाखल झाल्यानंतर चूक लक्षात आली, तर काय करावे?

नोंदणीपूर्वी आलेला आक्षेप त्याच दिवशी वाचून, दिलेल्या मुदतीत दूर करावा. तो मौखिक असेल तर लिहून घ्यावा आणि दुरुस्तीनंतर अनुक्रमणिका पुन्हा तपासावी (प्रश्न ८ पाहा).

नोंदणी झाल्यानंतर मात्र वादपत्राचे एक अक्षरही परस्पर बदलू नये, न्यायालयातील प्रतीवर तर मुळीच नाही. टंकलेखनातील चूक असली तरी आदेश ६ नियम १७ खाली दुरुस्ती अर्ज लागतो. अर्ज मंजूर झाला की काम संपले असे समजण्यात धोका आहे. न्यायालयाने मुदत दिली नसेल तर नियम १८ प्रमाणे १४ दिवसांत ती दुरुस्ती वादपत्रात प्रत्यक्ष उतरवावी लागते, नाही तर मिळालेली परवानगी निरुपयोगी ठरते. मंजुरीच्या दिवशीच रोजनाम्यातील (प्रकरणाच्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीतील) आदेश उतरवून घ्यावा, डायरीत चौदावा दिवस लिहावा, आणि दुरुस्त प्रत समोरच्या वकिलांना देऊन पोच घ्यावी. चूक न्यायालयाच्या निकालपत्रातील आकड्याची वा नावाची असेल, तर त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ चा वेगळा अर्ज असतो.